पुढे कुठलाही पंखा नेतो, थांबवतो कुठला?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि सांगितलं आहे की आठवणींवर बोलणारे पुष्कळ आहेत, तू सध्या कशात गुंतली आहेस ते सांग. तर सध्या मी एका पंख्यात गुंतले आहे. छताच्या नव्हे, बोटीच्या. इंग्रजीत प्रॉपेलर. मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत कोणालाही विचारा, त्याला पंखाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी यंत्र शाखेची पदवी घेतली आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये केली, आजही करते. गेल्या वर्षी मी, माझा नवरा आणि आपल्याच वर्गातला एक मित्र अशा तिघांनी मिळून ३४ फुटी जुनी शिडाची बोट घेतली. ती गोव्यात आहे. नोव्हेंबरात ती रत्नागिरीला आणायची, पुढे जयगड, दाभोळ, मुरूड-जंजिरा करत मुंबईपर्यंत न्यायची आणि दर हंगामात असंच किनाऱ्याने फिरायचं, असा बेत आहे. ज्याला बैठकीची खोली आणि स्वयंपाकाचा ओटा घेऊन फिरणं म्हणता येईल, तशी ही बोट. शर्यतीची नाही.

तिचा पंखा झिजलेला आहे, तो बदलायलाच हवा. बदलायचा तर कुठला घ्यायचा, यावर आमच्या तिघांत तीन महिने वाद चालला. नवरा म्हणत होता, आहे तसाच साधा घ्या. मित्र म्हणत होता, सगळ्यांत चांगला घ्या. खर्च काही लाखांच्या घरात जाणार होता आणि तिघांपैकी कोणालाही तो दोनदा करणं परवडणार नव्हतं. निर्णय कसा झाला ते आज सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना शिडाची बोट घ्यायची नसेल, पण महागडी वस्तू डोळसपणे कशी निवडावी हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

आधी मूळ अडचण. शिडाच्या बोटीला इंजिन असतं ते बंदरातून बाहेर पडायला, आत यायला आणि वारा पडला तर पुढे सरकायला. बाकीचा वेळ ती वाऱ्यावर जाते. त्या बाकीच्या वेळात पंखा पाण्याखाली नुसता लटकलेला असतो आणि पाणी अडवतो. म्हणजे ज्या वस्तूने बोट पुढे न्यायची, तीच दिवसाचे बरेच तास बोट मागे खेचते.

किती खेचते? आपण शाळेत असताना एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढायचो आणि कंडक्टरची बोलणी खायचो. तळहात वाऱ्याला आडवा धरला की हात मागे फेकला जायचा, कडेवर धरला की वारा कापत जायचा. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे, त्यामुळे पाण्यात हा फरक फार मोठा होतो. पाठ्यपुस्तकातलं सूत्र वापरून मी आमच्या बोटीचा हिशेब मांडला. १६ इंच व्यासाचा, तीन पात्यांचा स्थिर पंखा गिअरमध्ये अडकवून ठेवला आणि बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने चालली, तर पंख्याचा अडथळा साधारण २५ ते ३० किलो वजनाइतका येतो. तांदळाचं एक पोतं दोरीला बांधून मागे ओढत नेल्यासारखं. वेग वाढला की हा अडथळा वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट.

इथे एक जुना वाद आहे. शिडावर जाताना स्थिर पंखा अडकवून ठेवावा की मोकळा फिरू द्यावा? पुष्कळ अनुभवी लोक सांगतात की फिरता पंखा जास्त अडवतो आणि दाखला हेलिकॉप्टरचा देतात, की इंजिन बंद पडलं तरी फिरत्या पात्यांमुळे ते हळूहळू उतरतं. पण हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कल अगदी थोडा असतो आणि बोटीच्या पंख्याचा खूप जास्त. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोटीचा स्थिर पंखा अडकवला तर अडथळा जास्त, मोकळा फिरला तर कमी. मात्र मोकळा फिरताना शाफ्ट, त्याचे बेअरिंग आणि गिअरबॉक्स रात्रभर झिजत राहतात, खाली घरघर चालू राहते, आणि काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना फिरणं चालत नाही. तिथे गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं पुस्तक काय सांगतं तो शेवटचा शब्द.

या अडचणीवर दोन उपाय निघाले. दोन्हींत पाती स्वतःहून जागा बदलतात.

पहिला मिटणारा पंखा, फोल्डिंग. त्याची पाती मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली असतात. इंजिन बंद झालं, बोट शिडावर चालू लागली की पाण्याचा प्रवाह पाती मागे लोटतो आणि ती मिटलेल्या छत्रीसारखी एकत्र येतात. इंजिन सुरू केलं, शाफ्ट फिरू लागला की भोवऱ्याच्या दोरीसारखी पाती बाहेर फेकली जातात आणि उघडतात. मिटलेल्या अवस्थेत माझ्या हिशेबाने अडथळा एक-दोन किलोवर येतो.

दुसरा फेदरिंग पंखा. त्याची पाती मिटत नाहीत, आपल्या अक्षाभोवती वळतात. घराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या आठवा. कळ फिरवली की पट्ट्या आडव्या होतात आणि वारा सरळ आत येतो. तसंच इथे पात्याची धार प्रवाहाकडे होते. हबच्या आत दातेरी चक्रं असतात, ती ग्रीसमध्ये बुडालेली असतात आणि पाती एकाच वेळी सारखी वळवतात. अडथळा मिटणाऱ्यापेक्षा किंचित जास्त, पण स्थिर पंख्याच्या मानाने नगण्यच. या प्रकारातला इटलीचा मॅक्स-प्रॉप जगभर माहीत आहे. मिटणाऱ्यांत डेन्मार्कचे गोरी आणि फ्लेक्सोफोल्ड ही नावं पुष्कळदा ऐकू येतात.

इथवर वाचलं की वाटतं, दोन्हींत फारसा फरक नाही, स्वस्त असेल तो घ्यावा. बहुतेक कॅटलॉगही वेगाचाच आकडा ठळक छापतात. मीही तीन पंख्यांचे आकडे एका तक्त्यात मांडून तो तक्ता राजिवड्याच्या एका तांडेलांना दाखवला. आयुष्य ट्रॉलरवर गेलेला माणूस. त्यांनी तक्ता पाहिला, हसले आणि म्हणाले, “ताई, पुढे कुठलाही पंखा नेतो. थांबवतो कुठला, ते आधी बघा.”

बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर पंखा उलटा फिरवायचा आणि पाणी पुढे ढकलायचं, हा एकच मार्ग. आमची बोट साधारण सहा टनांची. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ट्रॉलर लागलेले, मधल्या पट्टीतून आत यायचं, मागून खारा वारा ढकलतोय आणि समोर अचानक एक होडी आडवी आली. त्या पाच सेकंदांत पंखा काय करतो, यावर सगळं अवलंबून. शिडावर वाचलेले तास त्या क्षणी कोणी मोजत नाही.

आणि नेमका तिथे दोन्ही प्रकारांतला फरक कळतो. मिटणारा पंखा उलटा फिरवला की त्याच्याच जोराने पाती मिटायला बघतात, आणि फिरण्यामुळे बाहेर फेकणारा जोर त्यांना उघडी ठेवायला बघतो. या ओढाताणीत पाती पूर्ण उघडत नाहीत. म्हणून जुने दोन पात्यांचे मिटणारे पंखे मागे जाताना कमकुवत म्हणून प्रसिद्ध होते. आता पात्यांच्या मुळाशी दाते असतात, त्यामुळे पाती एकत्रच उघडतात, आणि तीन पात्यांचे जड पंखे आले आहेत. ते बरेच सुधारले आहेत, पण इंजिनाला जास्त फेरे द्यावे लागतात आणि अर्धा-एक क्षण उशीर धरावा लागतो.

फेदरिंगचं उलट. शाफ्ट उलटा फिरला की पाती हबमध्ये पूर्ण वळतात आणि पुढे जाताना पाणी कापणारी धारच मागे जातानाही पाणी कापते. म्हणून मागे जाण्याचा जोर पुढे जाण्याच्या जवळपास असतो. थांबवण्याच्या बाबतीत तो साध्या स्थिर पंख्यालाही मागे टाकू शकतो, कारण स्थिर पंख्याची पाती पुढे जाण्यासाठी वळवलेली असतात आणि उलट फिरताना तो आकार चुकीच्या बाजूला येतो. याची किंमत फेदरिंग पंखा पुढे जाताना मोजतो. त्याची पाती सपाट असावी लागतात, तरच ती धारेवर नीट उभी राहतील. त्यामुळे इंजिनावर पुढे जाताना थोडी ताकद वाया जाते.

एवढ्यावर मित्र जिंकलाच होता. पण पंखा जिथे वापरायचा ते पाणी कुठलं आहे, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

आपलं पाणी उबदार आहे. उत्तर युरोपातल्या थंड पाण्यात बोटीच्या तळाशी जी वाढ वर्षभरात होते, ती आपल्या खाडीत काही आठवड्यांत होते. खडकावर चढताना पाय कापणारी ती टोकदार कवचं, बार्नॅकल, पंख्यालाही चिकटतात. पात्याच्या पाठीवर चिकटली तर नुसता वेग जातो. बिजागरीत किंवा पात्याच्या मुळाशी चिकटली तर पातं उघडतच नाही किंवा वळतच नाही. म्हणजे ज्या पंख्याला हलणारे भाग आहेत, तो आपल्या पाण्यात पडून राहिला की अडकतो. एक पातं उघडलं आणि दोन मिटलेली राहिली, तर शाफ्टला असा हादरा बसतो की इंजिन लगेच बंद करावं लागतं.

आपले मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोटी वर घेतात, शाकारतात, आणि मग नारळी पौर्णिमेनंतर समुद्राला लागतात. त्यामागे पावसाळी समुद्राची भीती आहे, तसंच तळ सुकवून खरवडण्याची सोयही आहे. शिडाच्या बोटीलाही हाच रिवाज लावावा लागणार. पण हंगामात बोट जिथे नांगरून ठेवणार, तिथे महिन्यातून एकदा कोणीतरी बुडी मारून पंखा खरवडायला हवा. हे काम मिटणाऱ्या पंख्यावर सोपं जातं. त्याची बिजागरी उघडी असते, दिसते, ब्रशने साफ होते. फेदरिंगचा हब बंद असतो. त्यात वर्षातून एकदा ग्रीस भरावं लागतं आणि ते नीट करायचं तर बोट वर काढलेली बरी. आपल्या खाड्यांतलं पाणी गढूळ, त्यातली बारीक वाळू दातेरी चक्रांपर्यंत पोचली की ग्रीस संपल्याचं झिजेवरूनच कळतं.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. गोव्यापासून मुंबईपर्यंत रात्री किनाऱ्यालगत चाललात तर प्लॅस्टिकच्या डब्यांना बांधलेली जाळी, तुटलेले नायलॉनचे दोर, थर्मोकोलचे तुकडे सतत आडवे येतात. त्यात मच्छीमारांचं काही चुकत नाही. ते त्यांचं शेत आहे, आपण त्यातून वाट काढतो. शिडावर जाताना स्थिर पंखा त्या दोराला हुकासारखा पकडतो. फेदरिंग पंखा धारेवर असला तरी त्याची पाती बाहेर पसरलेलीच असतात, त्यामुळे दोर अडकू शकतो. मिटलेला पंखा मात्र मागे निमुळता असतो आणि दोर त्यावरून निसटून जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. इंजिन चालू असताना तिन्ही सारखेच वाईट, हे खरं. म्हणून रात्री जाळ्यांच्या पट्ट्यातून शक्य तितकं शिडावर आणि हळू जायचं, आणि शाफ्टवर दोर कापणारी चकती बसवायची.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळा गेला की आपल्या किनाऱ्यावर रात्री आणि सकाळी मतलई वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा येतो. दोन्ही बहुधा मध्यम, पुष्कळदा मंद. मंद वाऱ्यात शिडातून मिळणारी ताकद थोडी असते, त्यातली पंख्याने खाल्लेली ताकद जास्त जाणवते. जोराच्या वाऱ्यात बोट तशीही आपल्या लांबीने घालून दिलेल्या वेगमर्यादेजवळ असते, तिथे पंख्याचा फरक थोडा दिसतो. म्हणजे आपल्या हंगामात मिटणारा किंवा वळणारा पंखा घेतल्याचा फायदा जोराच्या वाऱ्याच्या समुद्रापेक्षा जास्तच.

हा फायदा तासांत मोजून पाहिला. पणजी ते रत्नागिरी सरळ अंतर साधारण ९५ सागरी मैल. पण उत्तरेकडे येताना दुपारचा वारा समोरून येतो, तिरके टप्पे घेत यावं लागतं, म्हणून मी १३० मैल धरले. सरासरी वेग ४ नॉट धरला तर साडेबत्तीस तास. पंख्याचा अडथळा गेला आणि अर्धा नॉट वाढला तर २९ तास. सकाळी दहाला पणजीहून निघालो, तर पहिल्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोचणार, दुसऱ्या हिशेबाने दुपारी तीनला. नोव्हेंबरात साडेसहाला अंधार झालेला असतो. रत्नदुर्गाच्या दीपगृहाचा उजेड दिसेल, पण पाण्यातला दोर दिसणार नाही. तीन वाजता सगळं दिसतं. तेव्हा हा अर्धा नॉट हौसेचा राहत नाही, उजेडी बंदरात शिरण्याचा होतो.

लांब पल्ल्याच्या लोकांसाठी हेच गणित दिवसांत जातं. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’वर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. सुमारे २१,६०० सागरी मैल. इतकं अंतर ६ नॉटने कापलं तर दीडशे दिवस लागतात, साडेसहा नॉटने कापलं तर एकशे अडतीस-एकोणचाळीस. अर्ध्या नॉटचा फरक म्हणजे अकरा-बारा दिवसांचं पाणी आणि अन्न. हे नुसतं गुणाकार-भागाकाराचं गणित आहे, त्यांच्या बोटींची माहिती नव्हे. पण महासागर ओलांडणारे लोक पाण्याखालच्या एका पात्याचा इतका विचार का करतात, ते त्यातून कळतं. विनाथांबा एकट्याने प्रदक्षिणेच्या व्हान्दे ग्लोब शर्यतीत तर पंख्याचा शाफ्ट सुरुवातीलाच सील करतात, म्हणजे इंजिनाने पुढे जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपले ट्रॉलर. त्यांना मोठा, जाड पात्यांचा, सावकाश फिरणारा स्थिर पंखाच हवा, कारण ते तासन् तास इंजिनावर जाळं ओढतात. त्यांच्यावर मिटणारा पंखा बसवणं म्हणजे बैलगाडीला सायकलचं चाक लावणं. म्हणून ‘सगळ्यांत चांगला पंखा कुठला’ हा प्रश्न आम्ही सोडून दिला आणि स्वतःला तीन प्रश्न विचारले. शंभर तासांतले किती तास इंजिन बंद असेल? थांबायला किती जागा मिळेल? आणि पंख्याची देखभाल कोण, कुठे, किती दिवसांनी करेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘निम्म्याहून कमी’ असेल, तर नवऱ्याचं म्हणणं बरोबर. साधा स्थिर पंखा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगली शिडं घ्यावीत. ज्यांच्या बोटीचा तळ लांब आणि जाड कण्याचा आहे, त्यांनी दोन पात्यांचा स्थिर पंखा घेऊन शाफ्टवर रंगाची खूण करावी. शिडावर जाताना खूण वर आली की पाती कण्यामागे उभी लपतात. फुकटातला उपाय आहे.

दुसऱ्याचं उत्तर ‘जागाच नाही’ असं असेल, बोट जड असेल, रोज अरुंद धक्क्याला लावायची असेल आणि दरवर्षी ती वर काढून देणारा चांगला कारखाना हाताशी असेल, तर मित्राचं म्हणणं बरोबर. फेदरिंग घ्यावा.

आमची उत्तरं अशी आली: इंजिन बहुतेक वेळ बंद. थांबायला जागा बेताची, पण आम्ही शक्यतो नांगरून राहणार, रोज धक्क्याला लागणार नाही. देखभाल आमची आम्ही करणार, बुडी मारून आणि ब्रश घेऊन. शिवाय वाटेत जाळी. या तीन उत्तरांवर आम्ही दातेरी जोडणीचा, तीन पात्यांचा मिटणारा पंखा घ्यायचं ठरवलं. मागे जाण्याचा जोर कमी पडणार, ते मान्य करून बंदरात शिरतानाचा वेग आधीच कमी ठेवायचा आणि आत वळण्यापूर्वी एकदा रिव्हर्स देऊन पाती उघडतात का ते मोकळ्या पाण्यात तपासायचं, असा नियम कागदावर लिहून केबिनमध्ये लावणार आहोत. आणि झिजलेला स्थिर पंखा घासून, तोल करून, सुटा जवळ ठेवणार. कुठल्याही खाडीत, ओहोटीच्या वेळी बोट कोरडी करून तो बसवता येतो. आयात केलेला सुटा भाग मागवण्यात आठवडे जातात, हंगाम तेवढा थांबत नाही.

ज्यांना खरंच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी सांगते. विक्रेत्याला बोटीची लांबी सांगून भागत नाही. वजन, पाण्याच्या रेषेवरची लांबी, इंजिनाची ताकद आणि जास्तीत जास्त फेरे, गिअरचं प्रमाण, शाफ्टचा व्यास आणि टोकाची निमुळती घडण, पंखा डाव्या हाताने फिरतो की उजव्या, आणि पात्याच्या टोकापासून बोटीच्या तळापर्यंतची मोकळी जागा, हे सगळं मोजून द्यावं लागतं. पात्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती पुढे सरकेल ते अंतर, जास्त झालं तर इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि काळा धूर ओकतं. कमी झालं तर फेरे भरपूर आणि बोट जागेवर. फेदरिंगमध्ये पिच नंतर थोडा बदलता येतो, मिटणाऱ्यात बहुधा नाही, तेव्हा मोजमाप आधीच नेमकं हवं.

जस्ताचा तुकडा विसरू नका. ब्राँझ आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि कमकुवत धातू झिजतो. जस्त स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवतं. ते निम्मं झालं की बदलायचं. पंख्यावर निसरडा सिलिकॉनचा थर मिळतो, त्याने बार्नॅकल पूर्ण थांबत नाहीत, पण खरवडायला सोपे जातात.

शिडावर गेल्यावर इंजिन नुसतं बंद करून भागत नाही. शाफ्ट फिरत राहिला तर पाती मिटत नाहीत. मिटणाऱ्या पंख्याला बहुधा इंजिन बंद करून गिअर रिव्हर्समध्ये टाकतात, शाफ्ट थांबतो आणि पाती मिटतात. फेदरिंगची पद्धत थोडी वेगळी, ती त्याच्या पुस्तकात दिलेली असते. कोणी नवा माणूस सुकाणूवर असेल तर त्याला हे पहिल्याच दिवशी शिकवायचं. पंख्यासाठी लाखभर मोजायचे आणि तो रात्रभर उघडाच फिरत राहायचा, यात काय मिळवलं?

दर वर्षी बोट वर निघेल तेव्हा पात्यांच्या मुळाची पिन हाताने हलवून पाहायची. ढिली झाली असेल तर बदलायची. पात्यावर तांबूस, गुलाबी डाग दिसले तर ब्राँझमधलं जस्त निघून गेलं असण्याची शक्यता असते, तिथे पातं वाजवून पाहायचं. निरोगी ब्राँझ घंटेसारखं वाजतं, पोखरलेलं बद्द.

व्यासपीठावरच्या सरांना ही घंटा आवडेल, कारण शाळेची घंटाही अशीच तपासावी लागते म्हणतात.

एक विनंती करून थांबते. या भागात पंखे, शाफ्ट आणि इंजिनं दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण त्यांचं सगळं काम ट्रॉलरचं. मिटणाऱ्या पंख्याची पिन बदलणं, तोल करणं, दाते तपासणं हे त्यांना अवघड नाही, फक्त त्यांच्यापुढे असा पंखा कधी आलेला नाही. किनाऱ्यावर शिडाच्या बोटी वाढल्या तर हे काम परदेशात किंवा मुंबईत पाठवण्यापेक्षा इथेच व्हावं, असं मला वाटतं. वर्गातल्या ज्यांचा आयटीआयशी किंवा लेथच्या कारखान्यांशी संबंध आहे, त्यांनी आमचा पंखा बसवताना जरूर यावं. आम्ही तो उघडून दाखवू, मापं देऊ, हातात घेऊ देऊ.

बोट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, वारा मान्य करेल त्या दिवशी. दुपारी तीनच्या सुमारास भगवती बंदराकडे या. मागे जाण्याचा जोर कमी असलेला पंखा आम्ही जाणूनबुजून घेतला आहे, त्यामुळे धक्क्यावर दोर पकडायला चार भरवशाचे हात लागतील.